मदत हवी आहे: बी.कॉम., वय ३२, अडत दुकानात हिशेब बघते, वेब डेव्हलपमेंटमध्ये जायचंय. नोकरी सोडून पुण्याला कोर्स करू का?

हळदीचे_बिल (धागा)

मंडळी, वाचते खूप वर्षं पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात सात वर्षं हिशेब बघते. टॅली, जीएसटी, बँक, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), आणि मालकांचं एक कोल्ड स्टोरेज आहे तिथल्या लोकांचा पगार नि पीएफ. पगार १९ हजार. नवरा कुपवाडला एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी यंदा पहिलीला. कॉम्प्युटरची डिग्री वगैरे काही नाही, एमएस-सीआयटी केलंय बस्स, आणि ते काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

हे वेब डेव्हलपमेंटचं खूळ कुठून आलं ते सांगते. सीझनला दिवसाला शंभर-सव्वाशे पट्ट्या निघतात. पोती, वजन, दर, त्यातून हमाली तोलाई वजा, कुणाची उचल (आगाऊ नेलेले पैसे) असेल तर ती वजा, आणि शेतकरी समोर उभा असतो कारण त्याला गावाकडची गाडी गाठायची असते. आमची एक्सेलची शीट होती पण मालकांचा मुलगा कुठेतरी क्लिक करायचा आणि फॉर्म्युलाच उडवायचा, मग मी त्यावर उपाय शोधताना यूट्यूबवर आधी एक्सेलचे मॅक्रो, मग एचटीएमएल, मग जावास्क्रिप्ट (या दोन्ही वेबपानं बनवायच्या भाषा) असं घसरत गेले. रात्री मुलगी झोपली की ९:३० ते ११:३०. दीड वर्ष झालं. फ्रीकोडकॅम्प या फुकट कोडिंग शिकवणाऱ्या साइटचं वेब डिझाइनचं सर्टिफिकेट पूर्ण केलं, जावास्क्रिप्टचं निम्मं झालंय. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटरचा ऑनलाइन कोर्स पण सुरू केलेला, पण त्यात पहिल्याच आठवड्यात सी लँग्वेज आली आणि सर इतकं भराभर बोलतात की मी पॉज करून करून थकले. सोडून दिला.

तर मी स्वतःचं एक पट्टीचं पान बनवलंय. ब्राउझरमध्ये उघडायचं, वजन-दर टाकायचा, पट्टी तयार. गिटहब पेजेसवर (आपला कोड ठेवून त्याची वेबसाइट चालवायची सोय) फुकटात टाकलंय, गेल्या सीझनला दुकानात तेच वापरलं. पहिली पट्टी प्रिंटरमधून बाहेर आली तेव्हा मला माझ्या लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जास्त आनंद झाला, हे नवऱ्याला सांगू नका.

आता खरा प्रश्न. पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटचा फोन येतोय सारखा. सहा महिन्यांचा फुल स्टॅक (वेबसाइटची दिसणारी आणि आतली, दोन्ही बाजू) कोर्स, फी १ लाख ६० हजार, फायनान्स कंपनीकडून ईएमआय करून देतो म्हणतात, शंभर टक्के प्लेसमेंट. पण नोकरी सोडावी लागणार, पुण्यात राहावं लागणार, मुलगी आईकडे ठेवावी लागणार. वर ते म्हणाले की मॅडम तुमच्याकडे आयटीचा अनुभव नाही ना, मग आम्ही एका कंपनीचं तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर देतो, सगळेच घेतात. तिथे मला जरा कसंतरीच झालं.

एमसीएचं पण बघितलं, मी बघितलं तेव्हा तिथे बारावीला किंवा पदवीला गणित मागत होते. माझं बारावीला एस. पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) होतं, गणित नव्हतं, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! घरी सासूबाई म्हणतात टॅलीची नोकरी बरी आहे की, सावलीत बसायचं. नवरा काही बोलत नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट.

आणि एक टेक्निकल अडचण पण आहे, ती विचारू की नको असं वाटत होतं. वजन मी क्विंटलमध्ये घेते, पट्टीवर किलोत छापते, म्हणजे १०० ने गुणून पुढचं कापून टाकते. ४.३५ क्विंटलचे किलो पट्टीवर ४३४ आले! शेतकऱ्यानंच पकडलं, माझा एक किलो कुठं गेला म्हणाला. मी कॅल्क्युलेटरवर केलं तर ४३५. कोडमध्ये छापून बघितलं तर ४३४.९९९९९९९९९९९९९४. मी तर घाबरलेच, आधीच्या किती पट्ट्या चुकल्या असतील?

---

रात्रपाळी

ताई, आधी तुमचा एक किलो शोधू, करिअर नंतर.

कॉम्प्युटर आकडे दोनाच्या भाषेत ठेवतो. आपल्या दशमानात एक तृतीयांश जसं ०.३३३३ करत कधीच संपत नाही तसं दोनाच्या भाषेत ४.३५ कधीच संपत नाही, त्यामुळे तो जवळचा आकडा धरतो, आणि तो धरलेला आकडा केसभर कमी असतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३ येत नाही. जावास्क्रिप्टचाच दोष नाही हा, पायथन, सी सगळीकडे हेच. तुमची चूक कापण्यात झाली. फ्लोअर (दशांशापुढचं कापणारं फंक्शन) काढून टाका आणि राउंड (जवळच्या पूर्णांकाला नेणारं) वापरा. पण त्याहून चांगलं म्हणजे दशांश आत येऊच देऊ नका: वजन थेट किलोत पूर्णांकात घ्या, पैसे पैशात ठेवा, रुपये फक्त छापताना करा. ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा रेझरपेसुद्धा रक्कम पैशातच मागते, ५०० रुपये असतील तर ५०,००० पाठवायचे.

आधीच्या पट्ट्यांचं म्हणाल तर मूळ वजनांची यादी काढा, दोन्ही पद्धतींनी लूप फिरवा (म्हणजे कोडलाच एकेक वजन मोजू द्या), फरक येईल तेवढ्या बाजूला काढा. तासाभराचं काम. ज्यांचा किलो गेला त्यांना देऊन टाका, चार पैसे जातील पण मालकाचं नाव राहील.

---

नुसता वाचक

कोर्सवाल्यांचा नंबर ब्लॉक करा. झाला प्रतिसाद.

---

हिंजवडीतला कोपरा

वरच्यांनी थोडक्यात आटपलं, मी जरा पाल्हाळ लावतो कारण मी मुलाखती घेतो.

तीन वर्षांच्या खोट्या लेटरचं आधी. अहो तुम्ही स्वतः दर महिन्याला पीएफचा ईसीआर (चलन आणि विवरणपत्र) भरता ना? मग यूएएनवर (प्रत्येकाच्या कायम पीएफ नंबरवर) कुणी कधीपासून कधीपर्यंत कुठे होतं हे कसं दिसतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. व्हेरिफिकेशनवाले पहिलं तेच मागतात. त्या तीन वर्षांत तुमचा पीएफ सांगलीच्या मालकांकडून पडतोय आणि लेटर सांगतंय पुण्यात कोडिंग. माझ्यासमोर ऑफर दिलेली तीन-चार पोरं अशी परत गेलीत, एकाला तर रुजू होऊन दोन महिने झाले होते. वाईट वाटतं, कारण त्यातल्या एकाला काम खरंच येत होतं.

ईएमआयचं पण वाचा नीट. ते कर्ज फायनान्स कंपनीचं असतं, इन्स्टिट्यूटचं नाही. कोर्स अर्ध्यात सोडला, क्लास बंद पडला, नोकरी लागली नाही, तरी हप्ता जातोच. करारात "प्लेसमेंट" शब्दाचा अर्थ काय लिहिलाय ते बघा, पुष्कळदा फक्त मुलाखतीला पाठवणं एवढाच असतो.

आता बाजाराचं खरं सांगतो, गोड लागणार नाही. फ्रेशरसाठी दिवस कठीण आहेत. बी.ई. झालेली पोरं रांगेत आहेत, आणि साधी पानं, फॉर्म, लॉगिन असली कामं आता एआयकडून पटकन करून घेतात. तुम्ही रिॲक्ट (जावास्क्रिप्टचं एक तयार साधन) शिकून, सरावाची टू-डू लिस्ट बनवून त्या रांगेत उभ्या राहिलात तर वय आणि डिग्री दोन्ही आडवे येतील. पण तुम्ही जी गोष्ट सहज लिहून गेलात, उचल वजा, हमाली वजा, शेतकऱ्याला गाडी गाठायची, ती त्या रांगेत कुणालाच माहीत नाही. माझ्या टीममध्ये इन्व्हॉइसचं मॉड्यूल करणारा मुलगा हुशार आहे, पण क्रेडिट नोट म्हणजे काय हे त्याला समजवायला मला दोन दिवस लागले.

---

कृष्णाकाठ

मी मिरजेचा, डी.एड. केलेला, शिक्षक भरती निघेल निघेल म्हणत २८ वर्षांचा झालो मग वर्डप्रेसवर वेबसाइट बनवायची कामं घ्यायला लागलो. आता कोल्हापुरात एका छोट्या ऑफिसात पीएचपी भाषेत कोडिंग करतो. सुरुवात ११ हजारांवर केली, आता बरं चाललंय.

वरच्या दादांशी सहमत, फक्त एक भर घालतो. पुण्याच्या मोठ्या कंपन्यांकडे बघू नका आत्ता. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात अडत, दूध संस्था, पतसंस्था, कापड असल्यांची सॉफ्टवेअर बनवणारी पाच-दहा माणसांची ऑफिसं आहेत. त्यांना कोडिंग येणारे मिळतात पण हिशेब समजणारे मिळत नाहीत, आणि दोन्ही येणारं तर कुणीच नाही. तिथे आधी सपोर्टला घेतील, मग हळूहळू कोडला हात लावू देतील. दुसरं म्हणजे ईआरपीनेक्स्ट बघा, धंद्याचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं आहे, मुक्त स्रोत आहे, कोड कुणालाही बघता येतो, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे. ते बसवून देणाऱ्यांकडे अकाउंट्सवाल्या माणसाला मान असतो. लेजर, व्हाउचर, जीएसटी तुम्हाला शिकवावं लागणार नाही, आमच्यासारख्यांचा तिथेच घाम निघतो.

प्रोजेक्ट हवा असेल तर एक सुचवतो: जीएसटी नंबर तपासणारं पान. १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, मग १० अक्षरी पॅन, शेवटचं अक्षर चेकसमचं, म्हणजे नंबर बरोबर आहे का ते तपासायचं. ते शेवटचं अक्षर आधीच्या १४ वरून काढता येतं, त्याचं गणित स्वतः लिहा. मुलाखतीत टू-डू लिस्टपेक्षा हे दाखवा.

---

हिंजवडीतला कोपरा

अरे हो, राहिलंच. ताई, तुमच्या गिटहबवरच्या त्या पानात सँपल म्हणून जो डेटा आहे तो खरा आहे का? म्हणजे शेतकऱ्यांची खरी नावं, मोबाईल नंबर?

---

हळदीचे_बिल

बाई गं. हो. टेस्टिंगला म्हणून गेल्या वर्षीची एक फाईल टाकलेली. आत्ताच डिलीट केली.

---

हिंजवडीतला कोपरा

डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटहबने जपलेल्या आधीच्या प्रतींत) ती अजून आहे, कुणीही हिस्टरी उघडून बघू शकतं. तुमचं रिपॉझिटरी (गिटहबवरचं कोडचं फोल्डर) लहान आहे, सगळंच उडवा आणि खोट्या नावांनी नवीन टाका. "शेतकरी १, शेतकरी २" पुरे. आणि दुकानाचा हिशेब बाहेर दाखवायला मालकांची परवानगी घ्या, नाहीतर करिअर बदलायच्या आधी नोकरी बदलावी लागेल.

---

चुलीवरचा चहा

इथे सगळे पुरुष बोलतायत म्हणून लिहिते. मीही बी.ए. मराठी, दोन मुलं, आता टेस्टिंगमध्ये आहे. रात्री ९:३० ते ११:३० हे वर्षानुवर्षं चालत नाही हो, मी केलंय, पाठ आणि डोळे दोन्ही गेले. मी सकाळी पाचला शिफ्ट झाले, आणि रविवारी चार तास नवऱ्याने मुलांना बाहेर न्यायचं असं ठरवून घेतलं. मागून घ्या. न बोलणारा नवरा "नाही" म्हणत नसतो कधीकधी, त्याला नक्की काय करायचं ते सांगितलेलं नसतं. तुम्ही त्याला ते पान दाखवलंय का, की नुसतं "कोर्स करायचाय" एवढंच सांगितलंय?

आणि डिग्रीची सल असेलच तर आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. आहे डेटा सायन्सचा, २०२१ पासून. बारावीला गणित लागत नाही, दहावीला असलं की चालतं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि क्वालिफायर (पात्रता परीक्षा), मग प्रवेश. पण सोपा नाही, गणित आणि स्टॅटिस्टिक्स भरपूर, माझ्या भावजयीने दोनदा प्रयत्न केलाय आणि ती दोनदा रडलीय.

---

हळदीचे_बिल

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहायचं होतं पण जीएसटीआर-३बी ची (जीएसटीच्या दरमहाच्या विवरणपत्राची) २० तारीख होती.

झालं ते असं. रिपॉझिटरी उडवलं, नवीन टाकलं. जुन्या वजनांवर लूप फिरवला तर ६१ पट्ट्यांत एकेक किलो कमी निघाला. मालकांना सांगायला जाताना पाय लटपटत होते, ते आधी गप्प बसले मग म्हणाले पुढच्या सौद्याला येतील तेव्हा फरकाचे पैसे दे, आणि वहीत लिही. ६१ पैकी १४ जणांचे देऊन झाले. एक आजोबा म्हणाले आजवर अडत्याकडनं पैसे परत मिळाल्याचं पहिल्यांदाच बघतोय.

इन्स्टिट्यूटला नाही म्हणून कळवलं. ते आता ३० हजार डिस्काउंट देतायत. काल परत फोन, आता ४५ हजार.

नवऱ्याला पान दाखवलं. त्याने मोबाईलवर उघडलं आणि पहिलंच वाक्य, "बटण लहान आहे, ग्रीस लागलेल्या बोटाने दाबता येत नाही." राग आला पण खरं होतं, बटण मोठं केलं. रविवारचे चार तास मागितले, तीनवर तडजोड झाली.

कृष्णाकाठ दादा, तुम्ही म्हणता तसल्या एका ऑफिसात माधवनगर रोडला जाऊन आले. पगार १६ म्हणतात, म्हणजे माझ्या आत्ताच्यापेक्षा तीन हजार कमी, काम सपोर्टचं, सहा महिन्यांनी बघू म्हणाले. मी मार्च अखेरपर्यंत थांबा म्हटलंय, वर्षअखेरीला दुकान सोडून जाणं बरं दिसत नाही. तीन हजार कमी घेऊन जावं का, यावर तुमचं काय मत? आणि मीच आणखी घासाघीस करायची की नाही?

अजून एक. दुकानात आता छोटा थर्मल प्रिंटर आणलाय, मोबाईलला ब्लूटूथने जोडतो तसला. त्यावर इंग्रजी नीट येतं पण मराठी नाव आलं की नुसते प्रश्नचिन्ह आणि चौकोन. फॉन्ट तीनदा बदलला. काय करू?

---

रात्रपाळी

फॉन्ट बदलून काही होणार नाही, त्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरंच नसतात. अक्षरं पाठवू नका, पट्टीचं चित्र करून पाठवा. ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर (कोडने चित्र काढायच्या जागेवर) मजकूर काढा, रुंदी ३८४ पिक्सेल ठेवा, ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरला बहुतेक तेवढीच लागते, आणि काळं-पांढरं करून टाका.

---

कृष्णाकाठ

१६ ला जाऊ नका, १९ मागा. ते १८ वर येतील. जाताना पट्टीचं पान मोबाईलवर उघडून न्या, आणि त्या ६१ पट्ट्यांचं नक्की सांगा.