व्हॅरम पर्सीच्या चर्चमधल्या बुजवलेल्या कमानी

प्रश्न:
यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावातल्या सेंट मार्टिन चर्चच्या फोटोंत बाहेरच्या भिंतीत मोठाल्या कमानी दिसतात, पण दगडांनी बुजवलेल्या. दरवाजे म्हणावेत तर फारच रुंद. कशाच्या आहेत? आणि १३४८-४९च्या प्लेगात हे गाव संपलं, हे खरं का?

चिरेबंदी:
त्या ओवऱ्यांच्या कमानी. नेव्ह म्हणजे आपल्या सभामंडपासारखं लोकांचं दालन, चॅन्सल हा गाभारा. बाराव्या शतकाच्या अखेरीस माणसं मावेनात म्हणून दक्षिणेला आणि तेराव्यात उत्तरेला एकेक ओवरी जोडली. पुढे वस्ती रोडावली. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांच्या माथी, चॅन्सलची रेक्टरच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य धर्मगुरूच्या. मोजक्या घरांना एवढं छप्पर सांभाळणं झेपेना, तेव्हा ओवऱ्या पाडल्या आणि कमानी बुजवल्या.

भिंतीजवळ गेलात तर सांधा बघा. कमानीचे दगड घडीव, पाचरीसारखे बसवलेले. आतला भराव डबराचा. दोन्ही एकमेकांत गुंतलेले नसतात, मध्ये सलग रेघ दिसते. अशी रेघ दिसली की भराव नंतरचा.

पायाखालचे दगड:
एक सावधगिरी. भरावातल्या खिडकीवरून भिंतीचं वय ठरवू नका. पाडलेल्या ओवरीची खिडकी उचलून भरावात बसवायची पद्धत होती, त्यामुळे खिडकी जुनी आणि तिच्याभोवतीची भिंत नवी असं सर्रास होतं. गोल कमान साधारण १२००पर्यंत, मग टोकदार, हा ठोकताळा त्या घडीव दगडापुरताच धरा.

खरा पुरावा जमिनीखाली निघाला. १९६२ ते १९७४ या काळात चर्च खणलं, तेव्हा आजच्या नेव्हच्या आतच आधीच्या लहान दगडी चर्चचा पाया सापडला. म्हणजे हे चर्च आधी वाढलं, मग आकसलं, आणि दोन्हीच्या खुणा एकाच जागी वाचता येतात. अशी जागा फार थोडी.

चिरेबंदी:
प्लेगचं राहिलंच. माणसं दगावली, पण गाव टिकलं. शेवटची कुटुंबं १५००च्या सुमारास उठवली गेली, मेंढ्यांच्या कुरणासाठी. चर्च मात्र चालू राहिलं, कारण पॅरिश, म्हणजे या चर्चच्या हद्दीतला मुलूख, गावापेक्षा मोठा. थिक्सेंडेलसारख्या वाड्यांची माणसं इथेच येत. १८७० साली थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली गर्दी ओसरली. शेवटची प्रार्थना १९४९ची. मग छपरावरचं शिसं चोरीला गेलं, पाणी भिंतींत मुरलं, आणि १९५९ साली मनोऱ्याचा काही भाग कोसळला. फोटोत अर्धा मनोरा दिसतो तो त्यामुळे.