सिमेंटच्या गिलाव्याबद्दल

जुन्या वाड्यांना चुन्याचे चोचले कशाला, सिमेंट मारा आणि मोकळे व्हा, असं या चर्चेत एकाने म्हटलंय. आम्ही ते करून बसलोय. २०१६ च्या पुरात गोदेचं पाणी आमच्या नाशकातल्या वाड्याच्या ओटीपर्यंत आलं, मग गवंड्याने हौसेने खालच्या भिंतींना सिमेंट फासलं. दोन पावसाळ्यांत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारा पांढरा क्षार) वर सरकला आणि विटांचा भुगा व्हायला लागला. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटने ती कोंडते, क्षार विटेच्या पोटात स्फटिक होऊन फुगतात आणि वीटच फोडतात.

या चर्चेत कोणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे जुन्या गिलाव्यातलं चुना-वाळूचं प्रमाण काढता येतं. वाळवून वजन केलेला तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा. चुना फसफसून विरघळतो, खाली वाळू उरते, ती गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलायची. आपल्याकडची वाळू काळ्या पाषाणाची, म्हणून हिशेब बऱ्यापैकी जुळतो. शिंपल्याची किंवा चुनखडीची असती तर तीही विरघळली असती. गिलाव्यात मिसळलेला गूळ, बेलफळ, ताग वगैरे मात्र यात कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले ते सूक्ष्मदर्शकाखालीच.