आबासाहेबांचा विक्रम आणि त्यापलीकडचं
गणपतराव देशमुख, म्हणजेच आबासाहेब, यांची ओळख '११ वेळा आमदार' एवढ्यावरच संपवली जाते, म्हणून लिहितोय. १९६२ पासून मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यातला सांगोला, पक्ष कायम शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. १९७२ आणि १९९५ला पडले, तरी पक्ष सोडला नाही. मला याचं मोल विक्रमाहून जास्त वाटतं. आमदार असूनही एसटीने फिरायचे. दुष्काळी भागात पाणी यावं म्हणून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत पाणी परिषदा घेत राहिले, वर्षानुवर्षं. सूतगिरणीही उभी केली.

घरच्यांना त्यांनी सत्तेचं नाही, पक्षाचं वळण लावलं. ३० जुलै २०२१ला आबा गेले. त्यांच्या हयातीत, २०१९ला, एक नातू थोडक्या मतांनी पडला. २०२४ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले. तेही शेकापकडूनच.