व्याख्यानानंतरचं वाचनसाहित्य: क्यूआर कोडबद्दल थोडं

श्रोत्यांना नंतर वाचता यावं म्हणून शेवटच्या स्लाइडवर संदर्भांची यादी आणि तिच्या लिंकचा क्यूआर कोड टाकावा, असं सुचवलं जातं. सूचना चांगली आहे, पण ती स्लाइड येईपर्यंत निम्मे लोक उठलेले असतात. कोड सुरुवातीलाही दाखवा आणि प्रश्नोत्तरं संपेपर्यंत पडद्यावर राहू द्या.

आकाराचा ढोबळ हिशेब: अंतराच्या एक दशांश. १० मीटरवरच्या रांगेसाठी कोड जवळपास १ मीटर रुंद हवा. तेवढा पडदा नसेल तर चिठ्ठ्यांवर ३ सेंमीचा कोड छापून वाटा. लिंक लांबलचक असली की कोडमधले चौकोन बारीक होतात आणि फोन अडखळतो, म्हणून आधी लिंक छोटी करा. भोवतीची पांढरी कड कापू नका, नेमकं तेच डिझाइनच्या नादात होतं.

सगळ्यात नेहमीची चूक परवानगीची. गूगल ड्राइव्हवरची यादीची फाइल 'लिंक असलेल्या कुणालाही' खुली केली नाही तर रात्रभर विनंत्यांचे मेल येत राहतात. इनकॉग्निटो खिडकीत (ब्राउझरची खासगी खिडकी, जिथे तुमचं खातं उघडलेलं नसतं) उघडून बघा. नंतर भर घालायची तर त्याच फाइलमध्ये. नवी फाइल केली की छापलेला कोड जुन्याच जागी नेतो.

यादी पाच-सहा नोंदींचीच, प्रत्येकीपुढे 'हे का वाचायचं' याची एक ओळ. पुस्तकांचे स्कॅन मात्र नकोत, कॉपीराइट आहे.