नर्मदा परिक्रमा एकटीने: ओंकारेश्वरला कसं आणि किती दिवस आधी पोचू?

मिरजकर_ताई

नमस्कार मंडळी. मी मिरजेची, वय ५७. ऑक्टोबरअखेर नोकरीतून निवृत्त होतेय. पायी नर्मदा परिक्रमा करायची हे कितीतरी वर्षांपासून मनात आहे. यजमान असते तर दोघं मिळून गेलो असतो. आता मी एकटी जाणार, हे ठरलेलं आहे. लेक म्हणते बसने कर, नाहीतर एखाद्या ग्रुपबरोबर जा. तिची काळजी मला कळते, पण मला चालायचंय आणि माझ्या चालीने चालायचंय.

चालण्याबद्दल बरंच वाचलंय, ऐकलंय. अडतेय ती त्याआधीच. घरातून निघून ओंकारेश्वरच्या घाटावर संकल्पाला बसेपर्यंतचं कुणी नीट सांगत नाही. गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट खांडव्याला जाते. पण ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, इंदूरला जा, तिकडून गाड्या भरपूर. कुठलं बरं? कार्तिकी एकादशीला निघून पौर्णिमेला संकल्प सोडावा असं मनात आहे. पोचले त्याच दिवशी संकल्प होतो का, की मुक्काम धरून जायचं? आणि परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवावं का? लेकीला कधी परत येणार त्याची तारीख हवी आहे.

कुणी एकट्याने गेलेलं असेल तर कृपया सांगा.

—

तापीकाठचा

नर्मदे हर, ताई! मी जळगावचा, एकटाच निघालो होतो. तुम्ही जे विचारलंय ते निघण्याआधी मलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोळे झाकून खांडवा. तुमच्याकडून थेट गाडी आहे तर इंदूरचा वळसा कशाला? खांडवा नर्मदेच्या दक्षिणेला, इंदूर उत्तरेला. इंदूरहून आलात तर बडवाह सोडल्यावर मोरटक्क्याच्या पुलावरून मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडून यावं लागतं. संकल्पाआधी ओलांडली तर काही बिघडत नाही, परिक्रमेत मैया ओलांडायची नाही हा नियम संकल्पानंतर लागू होतो. पण पहिलं दर्शन धावत्या बसच्या खिडकीतून व्हावं की घाटावर उभं राहून, हे तुम्ही ठरवा. मला घाटावरचं हवं होतं. खांडव्याहून ओंकारेश्वर सत्तरेक किलोमीटर, बस सनावद-मोरटक्क्यावरून जाते. त्या बहुतेक खासगी असतात, भरल्या की सुटतात, त्यामुळे वेळेचा हट्ट धरू नका. गाडी संध्याकाळी उशिरा पोचत असेल तर रात्र खांडव्यात काढून सकाळी निघा. अंधारात अनोळखी गावात खोली शोधत फिरायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. संकल्पाआधी ओंकारेश्वरात निदान दोन पूर्ण दिवस ठेवा. कारण सांगतो. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, म्हणजे नदीच्या पात्रात. संकल्प दक्षिण तटावर सोडायचा, ममलेश्वराच्या बाजूला, बहुतेक जण गोमुख घाटावर सोडतात. एकदा संकल्प सोडला की पुलावरून बेटावर जायचं नाही, तेही मैया ओलांडणंच झालं. त्यामुळे ओंकारेश्वराचं दर्शन आधी घ्यावं लागतं. पुन्हा त्या देवळात पाऊल पडतं ते सगळी परिक्रमा झाल्यावर, जल चढवायला. माझ्यासमोर एक जण सकाळी पोचून घाईघाईत संकल्प सोडून बसले आणि मग पलीकडच्या कळसाकडे बघत राहिले. सांगायला कुणी नव्हतं त्यांना.

तर पहिल्या दिवशी दर्शन आणि जमलं तर बेटाची प्रदक्षिणा, सात किलोमीटर. पाय कसे बोलतात तेही कळतं. वर टेकडीवर २०२३ साली उभारलेला आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा आहे, तोही बेटावरच, बघायचा तर तेव्हाच बघा. दुसरा दिवस कागदांचा. ओंकारेश्वरच्या नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र घ्यायचं. आधारच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो घरूनच जास्तीचे न्या, पुढेही लागतात. त्याच दिवशी गुरुजींशी बोलून घ्या. संकल्प, मैयाचं पूजन, कन्यापूजन, कढईचा प्रसाद यात त्यांच्याकडे काय काय येतं आणि दक्षिणा किती, हे आधीच स्पष्ट विचारा. यात संकोच नको.

मुक्कामाला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास दक्षिण तटावरच आहे. आपल्याकडचे बरेच जण तिथे उतरतात, आणि बरोबर चालणारी माणसं तिथेच भेटतात. एकटं निघालेलं माणूस दोन दिवसांत एकटं राहत नाही, हे लेकीला जरूर सांगा.

फक्त पौर्णिमेचा हट्ट सोडा. एकादशी ते पौर्णिमा ओंकारेश्वरात जत्रा असते, पंचक्रोशीचे यात्रेकरू असतात, खोली मिळणं मुश्कील. चातुर्मास संपला की परिक्रमेला मोकळीक असते. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी या, घाट रिकामा मिळेल आणि गुरुजींना तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असेल.

परतीचं तिकीट काढू नका. साधा हिशेब करू. परिक्रमा सुमारे २६०० किलोमीटर. रोज २० धरले तर १३० दिवस, म्हणजे नोव्हेंबरअखेर निघालात तर एप्रिल उजाडतो. त्यात समुद्राजवळ विमलेश्वरला पलीकडच्या तटावर नेणाऱ्या नावेसाठी थांबणं, एखादा ताप, एखाद्या आश्रमात मन रमणं हे धरलेलंच नाही. आधी तारीख ठरवली की माणूस शेवटचे तीनशे किलोमीटर मैयाकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघतो.

—

वाळूतली_पावलं

ताई, मी चालले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती, त्यामुळे लिहायलाच हवं. वरच्या दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. माझं फक्त पिशवीबद्दल आणि बाईमाणसाच्या अडचणींबद्दल.

घरून निघताना सॅक सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका, पाण्याची बाटली धरून. दोन सुती पंजाबी ड्रेस, एक पातळ साडी (आडोसा, पांघरूण, दोरी, सगळं होते), एक स्वेटर, कानटोपी, हलकी पथारी. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठची थंडी हाडात जाते, स्वेटरच्या वजनाची काटकसर नको. बूट नवेकोरे नेऊ नका. आत्तापासून रोज तेच घालून, पाठीवर सॅक घेऊन कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जा.

मैयाच्या पाण्याच्या कुपीचं मात्र कुणीच लिहिलं नाही. संकल्पाच्या वेळी तुम्ही बाटलीत जल भरता आणि ती बाटली म्हणजेच बरोबरची मैया. रोज तिची पूजा, आरती. रोज थोडं जल नदीत सोडून ताजं घालायचं, समुद्राशी संगमावर त्यात सागराचं पाणी मिसळायचं, आणि शेवटी तेच ओंकारेश्वराला चढवायचं. घाटावर मिळणाऱ्या कुप्यांची झाकणं सैल असतात. माझ्या पहिल्याच मुक्कामात सॅकमधलं पांघरूण ओलं झालं. रडूच आलं हो. एका आजींनी झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला, तो शेवटपर्यंत टिकला. तुम्ही घरूनच घट्ट फिरकीच्या झाकणाची छोटी स्टीलची बाटली न्या. पाणी भरून, आडवी ठेवून, वर उशी ठेवून रात्रभर तपासा.

मुक्काम सूर्यास्ताच्या बराच आधी धरा. चार वाजता चांगला आश्रम दिसला तर "अजून पाच किलोमीटर जाईन" म्हणू नका. शक्यतो जिथे आणखी माताराम उतरल्या आहेत तिथे आसन लावा. तिकडे सगळे आपल्याला मातारामच म्हणतात, तुम्हालाही आठवडाभरात सवय होईल. मला त्या हाकेचा फार आधार वाटला.

—

सह्यकडा

मत थोडं वेगळं. ओंकारेश्वरपासून निघालं की शूलपाणीची झाडी, म्हणजे बडवानीपुढचं डोंगराळ जंगल, सुरुवातीच्या टप्प्यातच येते, शरीर अजून तयार नसताना. वयाचा विचार करता ताईंनी अमरकंटकपासून सुरुवात करावी. उगमापासून निघणारेही खूप आहेत. आणि शूलपाणीत लुटतात हे ऐकून आहे.

—

तापीकाठचा

सह्यकडा, अमरकंटक अगदी योग्य जागा आहे, पण मिरजेहून एकटीने तिथवर पोचणं हाच मोठा प्रवास, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तिथली थंडी सोसायची. ताईंची अडचण प्रवासाची आहे, म्हणून मी ओंकारेश्वरच म्हणेन.

शूलपाणीबद्दल. लुटीच्या गोष्टी जुन्या आहेत. आता झाडीतले मामा लोक (तिथले आदिवासी) परिक्रमावासींना घरात बोलावून भाकरी देतात, मी ती खाल्ली आहे. अवघड आहे ती वाट. सरदार सरोवर २०१९ मध्ये पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, काठच्या जुन्या वाटा पाण्यात गेल्या, आता डोंगर चढत-उतरत जावं लागतं आणि मोबाईलला रेंज नसते. त्यापूर्वीची वर्णनं वाचून अंदाज बांधू नका. ज्यांना झेपत नाही ते बडवानीनंतर खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, सागबारा, राजपिपळा असे सडकेने जातात. तीही परिक्रमाच. आणि त्या वाटेवर मध्येच आपला नंदुरबार जिल्हा लागतो, मराठी पाट्या दिसतात. कुठली वाट घ्यायची ते बडवानीला पोचल्यावर पायांना विचारून ठरवा, मिरजेत बसून नको.

—

मिरजकर_ताई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दर्शन आधी घ्यायचं हे मला खरंच माहीत नव्हतं. पौर्णिमा सोडली. त्यानंतरच्या आठवड्यातलं मिरज–खांडवा तिकीट काढतेय, खांडव्यात एक रात्र राहीन. लेकीशी बोलले. परतीच्या तारखेऐवजी एक ठरलंय: रेंज असेल तिथून रोज संध्याकाळी गावाचं नाव कळवायचं, आणि झाडीत शिरण्याआधी "आता तीन-चार दिवस फोन नाही" असं सांगून ठेवायचं. ती अजून खूश नाही, पण खांडव्यापर्यंत सोडायला येते म्हणाली.

एक विचारायचं राहिलं. विमलेश्वरहून समुद्रातून नाव जाते तिथे आधी नोंदणी करावी लागते का? पोहता येत नाही मला.

—

वाळूतली_पावलं

तिथे पोचल्यावरच नाव नोंदवतात, आधारची झेरॉक्स लागते. तुम्हाला जास्तीच्या न्यायला सांगितल्या त्या यासाठीच. नाव भरतीवर सुटते, त्यामुळे कधी मध्यरात्री उठवतात, कधी दिवसभर बसून राहायचं. पलीकडे मिठी तलाईला उतरेपर्यंत काही तास जातात आणि मध्ये उठायची सोय नसते. आदल्या संध्याकाळपासून पाणी बेताने प्या, सुका खाऊ जवळ ठेवा, बसायला नावेचा मधला भाग धरा. पोहता मलाही येत नाही. आणि लेक खांडव्यापर्यंत येतेच आहे तर तिला पुढे ओंकारेश्वरलाही घेऊन जा. दर्शन दोघी मिळून घ्या, आणि कुपीत जल भरताना ती तिथे असू द्या.