फ्लाय फिशिंगसाठी परदेशात कुठं जावं? (नांदेडहून, बजेट बेताचं)

गोदाकाठचा: राम राम मंडळी. लहानपणापासून विष्णुपुरीच्या पाण्यावर गळ टाकून मरळ धरत आलोय. हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लायवर (गळावर बांधलेला पिसा-दोऱ्यांचा नकली किडा) ट्राउट मासा लागला, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. आता देशाबाहेर, जिथं माणसांची वर्दळ नाही अशा नदीवर जायचं ठरवायलोय. मंगोलिया, न्यूझीलंड आणि नेपाळ, असे तीन पर्याय आहेत. हरभरा निघाला की मोकळा, म्हणजे मार्च. जाणकारांनी सांगावं.

दुधना_परभणी: मार्च म्हणलं की मंगोलिया कटाप. तेव्हा तिथल्या नद्या गोठलेल्या असतात. तिथला तायमेन हा ट्राउट-सामनच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा, पाण्यावर उंदरासारखी फ्लाय ओढली की झडप घालतो. बघायला मिळावं असंच ते आहे. पण हंगाम जूनच्या मध्यापासून. त्या वेळी तुम्ही पेरणी सोडून जाणार का?

मांजरातीर: न्यूझीलंडला मार्च चालतो. बहुतेक नद्यांचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. पाणी इतकं नितळ की आधी काठावरून मासा हेरायचा, मग वाकत वाकत त्याच्या मागं जायचं आणि पहिलीच फेक नीट बसली पाहिजे. सावली पडली की गेला. गंमत म्हणजे तिथला ब्राउन ट्राउटही तिथला नाही. १८६७ साली टास्मानियातून आणलाय.
सामानाचं मात्र मनावर घ्या. दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते ओल्या सामानासोबत एका नदीतून दुसरीत जातं. म्हणून नमदा (दाबलेली लोकर) लावलेल्या तळव्यांच्या बुटांना २००८ पासून बंदी आहे, रबरी तळव्याचेच घ्या. वापरलेला रॉड, बूट, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), सगळं धुऊन कडक वाळवा आणि विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा. लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. आपल्या तळ्यातला चिखल तर अजिबात नेऊ नका.

हौशी_लातूर: एक बाळबोध प्रश्न. तुम्ही फ्लायवाले मासा धरून परत सोडता म्हणे. सोडायचाच, तर एवढा खर्च करून जायचं काहून? आमची आजी माळकरी, ती पण हेच विचारते.

मांजरातीर: आजीला सांगा, मासा सुटल्यावर आपल्यापेक्षा तिलाच जास्त आनंद होईल.

दुधना_परभणी: चेष्टा बाजूला. नेपाळच्या नद्यांतला सोनेरी महाशीर मासा धोक्यात आलेल्या प्रजातींत आहे, तायमेनची हालतही बरी नाही. बिनकाट्याचा एकच गळ, ओला हात, मासा पाण्यातच ठेवून सोडायचा. फोटोसाठी वाळूवर आपटणाऱ्यांना गाइडनं परत पाठवावं.
गोदाकाठचे, माझं मत नेपाळ. व्हिसा लागत नाही. लखनौहून रुपईडिहाची सीमा ओलांडली की नेपाळगंज, पुढं बर्दिया आणि चिसापानीला कर्णाली नदी. बर्फ वितळून पाणी गढूळ व्हायच्या आत गाठायचं, त्यामुळं तुमचा मार्च बरोबर बसतो. स्वच्छ उपनदी जिथं मोठ्या नदीला मिळते, त्या रेघेवर महाशीर दबा धरून असतो. बर्दिया उद्यानाच्या हद्दीतल्या बाबई नदीवर उतरायचं तर परवाना आधी काढा.

पैठण_पट्टा: दुर्गम भागात फोन लागत नाही म्हणून सॅटेलाइट फोन किंवा मेसेज पाठवायचं यंत्र घ्यायचा मोह होतो. परवानगीशिवाय ते भारतातल्या विमानतळावर सापडलं तर पोलीस केस होते. तिकडच्या गाइडकडं सोय आहे का ते विचारा. विमा काढताना हेलिकॉप्टरनं उचलायचा खर्च धरलाय का, तेवढं वाचा. स्वस्त पॉलिसीत तो बहुधा नसतो.

गोदाकाठचा: नेपाळच मग. न्यूझीलंड पुढं बघू, तिथल्या नितळ पाण्याइतकी माझी फेक अजून नेमकी नाही. माझा रॉड ५ वेटचा (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या दोरीच्या वजनाचा आकडा) आहे, चालेल का? आणि सराव कुठं करायचा, नदीकाठी मागं सगळ्या बाभळी आहेत.

दुधना_परभणी: ५ वेट ट्राउटला ठीक. महाशीर एकदा प्रवाहात वळला की तो रॉड काय करणार! ८ ते १० वेट पाहिजे. सरावाला शाळेचं मैदान धरा, गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधा. फेकताना मागं गेलेली दोरी हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढं. घाई केली की चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. आठचा एक रॉड माझ्याकडं नुसता पडून आहे, परभणीला येऊन घेऊन जा. रील तुमची तुम्ही बघा.