मदत हवी आहे: गावच्या संग्रहालयातल्या जुन्या स्काऊट वस्तू कशा ओळखायच्या, कशा जपायच्या?

मंडळी, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या माडीवर छोटंसं वस्तुसंग्रहालय आहे. टिनाचं छप्पर, काचेची चार कपाटं आणि सांभाळायला आम्ही काही हौशी लोक. सध्या नोंदवही नव्याने लिहितो आहोत, त्यात एका दिवंगत गुरुजींच्या घरून आलेली लोखंडी पेटी उघडली. जुन्या नोंदी अशा: 'मोजणीची काठी, १ नग', 'गोंडी माळेतील मणी, २ नग, चामडी दोरीसह', 'देवीचा बिल्ला, पितळी, स्वस्तिक असलेला'.

काठीवर फूट-इंचाच्या खुणा आहेत, म्हणून कुणीतरी ती मोजणीदाराची ठरवली असणार. पण त्याच पेटीत रुंद काठाची फेल्टची हॅट, शिट्टी, गळ्याचा स्कार्फ आणि त्रिदल फुलाचं बकल असलेला पट्टा आहे. म्हणजे गुरुजी स्काऊट मास्तर होते आणि काठीही स्काऊटचीच असावी, एवढं उघड आहे. शिवाय मुलांचा एक फोटो आहे, मागे पेन्सिलीने 'दिल्ली १९३७'. आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं एक प्रमाणपत्र आहे. त्यावर पत्ता नागपूरचा, पण राज्य मध्यप्रदेश! ही छापण्यातली चूक की काय?

मणी आणि बिल्ला नेमके कशाचे? हॅटला कसर लागली आहे, तिचं काय करावं? समितीतले एक ज्येष्ठ म्हणतात, प्रमाणपत्र लॅमिनेट करा आणि बिल्ला चिंचेने घासून लख्ख करा, २६ जानेवारीला मांडायचं आहे. मला दोन्ही पटत नाही, पण त्यांना सांगायला ठोस कारण हवं.

बोरीअरबी:
राजेहो, ते मणी गोंडी माळेचे नाहीत. चामडी दोरीला दोन लाकडी मणी म्हणजे वूड बॅज. स्काऊट मास्तरांचं वरचं प्रशिक्षण पूर्ण केलं की तो मिळतो. १९१९ मध्ये इंग्लंडात गिलवेल पार्कला पहिलं शिबिर झालं, तेव्हा स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या झुलू माळेचे मणी वाटले. नंतर त्यांच्या नकला बनू लागल्या. तेव्हा नोंद करणारा अगदीच भरकटला नव्हता, फक्त खंड चुकला. स्कार्फच्या मागच्या टोकाला चौकड्याच्या कापडाचा तुकडा शिवला आहे का बघा. असेल तर तो गिलवेल स्कार्फ, म्हणजे वूड बॅजवाल्यांचा.

मध्यप्रदेश ही चूक नाही. उलट तुमच्या पेटीतला सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. १९५० मध्ये सी. पी. अँड बेरारचं (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) नाव मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संघटना ७ नोव्हेंबर १९५० ची. म्हणजे कागद या सहा वर्षांतला. खालची सही नीट वाचा. त्या काळच्या स्काऊटिंगमध्ये नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे मोठं नाव. ते पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, स्काऊटांचे राष्ट्रीय आयुक्त होते, आणि १९६६ मध्ये त्यांना जागतिक स्काऊटिंगचा ब्राँझ वुल्फ हा सन्मान मिळाला.

पेनगंगा_काठ:
दिल्लीला १९३७ साली अखिल भारतीय जांबोरी (स्काऊटांचा मोठा मेळावा) झाली होती, बेडन-पॉवेल स्वतः आले होते. त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दलच्या त्यांच्या उद्गारांवरून गदारोळ झाला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी निघाली. म्हणून त्यानंतरचा कागद हाती आला की आधी संघटनेचं नाव वाचा. गुरुजी कुठल्या बाजूला गेले, हे फलकावर लिहिण्यासारखं आहे. नुसतं 'ब्रिटिशकालीन बिल्ले' लिहून मोकळं होऊ नका.

स्वस्तिकाचा बिल्लाही देवीचा नसावा. १९११ पासून स्काऊटांच्या थँक्स बॅजवर आणि १९२२ पासून मेडल ऑफ मेरिटवर स्वस्तिक होतं. जर्मनीत नाझी आल्यावर, १९३५ च्या सुमारास, ते काढलं गेलं. यातला थँक्स बॅज स्काऊट नसलेल्या, पण पथकाला मदत केलेल्या माणसाला देत. तेव्हा तो गुरुजींचाच असेल असं धरू नका. मागच्या बाजूचा फोटो टाका.

मांजरपाट:
चिंच अजिबात नको! आम्लाने पितळेवरचा जुना थर जातो, बारीक अक्षरं बुजतात आणि तो परत येत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, बस्स. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि चिकट प्लास्टिक कागदात कायमचे बसतात, पुढे कुणालाही सोडवता येत नाही. हेच त्या ज्येष्ठांना सांगा. मांडायला रंगीत प्रत काढा, मूळ कागद आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवा. स्कार्फ गुंडाळायला मांजरपाट उत्तम, पण आधी धुऊन खळ काढलेला. आणि टिनाखाली मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पेटी खालच्या मजल्यावर आणा.

हॅट प्लास्टिक पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव हॅटवर बसेल. चामडं आणि धातू फ्रीझरमध्ये घालू नका.

धागाकर्ता:
खूप आभार! चौकड्याचा तुकडा आहे. बिल्ल्याबद्दल गुरुजींच्या मुलींना विचारलं. त्या म्हणतात, आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते आणि शाळेच्या शिबिरांना धान्य द्यायचे. म्हणून 'कोणाला मिळाला' हा रकाना सध्या मोकळा ठेवतो. फोटो उद्या टाकतो.

डीप फ्रीझर गावात फक्त आइस्क्रीमवाल्याकडे आहे, तो द्यायला तयार आहे. पण लोडशेडिंग झालं तर?

मांजरपाट:
झाकण उघडू नका, तासा-दोन तासांनी फरक पडत नाही. पण रात्रभर लाइट गेली आणि आइस्क्रीम वितळलं, तर दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.